एक ग्रोस निबांची किंमत

1828 च्या सुमाराची गोष्ट. बर्मिंगहॅमच्या बुल स्ट्रीटवर पीअर्ट नावाच्या पुस्तकवाल्याचं दुकान होतं. दुकानाच्या काचेआड एका पुठ्ठ्यावर नऊ पोलादी निबा लावून ठेवल्या होत्या आणि किंमत लिहिली होती साडेतीन शिलिंग. रस्त्याने जाणारा जोसाया मेसन नावाचा तेहतीस वर्षांचा कारागीर ते बघून थबकला आणि आत शिरला. अख्खा पुठ्ठा घेण्याचं त्याच्या मनात नव्हतं, त्याला नमुन्याला एकच हवी होती. शेवटी पीअर्ट स्वतः जिने लिहीत होता ती वापरातली निब मेसनने सहा पेन्स देऊन पदरात पाडून घेतली. तिच्यावर बारीक अक्षरांत ठसा होता : पेरी, रेड लायन स्क्वेअर, लंडन.

त्या रात्री मेसनने आपल्या कारखान्यात तीन निबा बनवल्या. त्यांतली सर्वांत चांगली निवडली, पत्रात घातली आणि पेरीच्या पत्त्यावर पाठवून दिली. टपालाला नऊ पेन्स पडले, म्हणजे मालापेक्षा हशील जास्त. दोन दिवसांनी सकाळी जेम्स पेरी नावाचे गृहस्थ लंडनहून थेट मेसनच्या दारात हजर झाले. तेव्हा लंडन-बर्मिंगहॅम रेल्वे व्हायला अजून दहा वर्षं होती. माणूस घोड्यांच्या गाडीत हाडं खिळखिळी करून घेत इतक्या तातडीने येतो, तेव्हा त्याला काय गवसलंय हे त्याला नीट कळलेलं असतं.

लेखणीचा इतिहास सांगताना बहुतेक जण शोधांची माळ ओवतात : बोरू, मग पीस, मग निब, मग फाउंटन पेन, मग बॉलपेन, आणि प्रत्येकाखाली एका संशोधकाचं नाव. पोलादी निबेच्या बाबतीत हा हिशेब जमत नाही. ही निब एकट्यादुकट्या कारागिरांनी पुन्हा पुन्हा बनवली होती. खुद्द बर्मिंगहॅममध्ये 1780 च्या सुमाराला सॅम्युएल हॅरिसन नावाच्या माणसाने एक पोलादी लेखणी घडवली होती, आणि तीही ऑक्सिजनवाल्या जोसेफ प्रीस्टलीसाठी. प्रीस्टलीने ती वापरली, कौतुक केलं असेल, आणि पुढची चाळीस वर्षं जग पिसांनीच लिहीत राहिलं. निबेचा शोध लागायचा राहिला नव्हता. राहिली होती ती तिची स्वस्ताई. ती कोणी आणली आणि कोणाच्या हातांनी आली, ती खरी कथा आहे.

आधी पिसांकडे बघू, कारण निबेची लढाई पिसाशी होती. युरोपात हजारएक वर्षं लिहिणाऱ्यांचा कारभार हंसाच्या जातीच्या पाळीव पक्ष्यांवर, म्हणजे 'गूज'वर चालला. एका पक्ष्याच्या एका पंखातली जेमतेम पाचेक बाहेरची पिसं लेखणीच्या लायकीची. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला डाव्या पंखाचं पीस बरं, कारण त्याची वाकण डोळ्यापासून बाहेर जाते. ताजं पीस मऊ आणि तेलकट असतं, ते तापलेल्या वाळूत खुपसून कडक करायचं, वरचा पापुद्रा खरवडायचा आणि मग धारदार चाकूने टोक छाटायचं. इंग्लंडला घरचे पक्षी पुरेनात म्हणून रशियातून आणि हॉलंडमधून जहाजांनी कोट्यवधी पिसं यायची. इतकं करून चारदोन पानं लिहून झाली की टोक बसतं. पुन्हा चाकू.

शाळेत तर कहरच. चाळीस मुलांचा वर्ग म्हणजे चाळीस पिसं, आणि ती छाटणार मास्तर. आपल्याकडच्या पंतोजींनाही हे नवं नव्हतं. बोरूची काडी आणायची, तिरका छेद द्यायचा, मधोमध चीर पाडायची, अंगठ्याच्या नखावर टोक दाबून बघायचं, आणि एवढं झाल्यावर मूल दौतीत तो असा काही आपटायचं की पुन्हा छाटण्यावाचून गत्यंतर नाही. जेम्स पेरी मुळात शिक्षकच होता. शिकवण्याची स्वतःची एक पद्धत बसवून तिचा तो हिरिरीने प्रचार करायचा. निबांच्या धंद्यात तो आला तो याच पोटतिडकीतून, असं म्हणायला हरकत नाही. पोरांना शिकवायचं सोडून दिवसभर चाकू कोण चालवणार?

पण सुरुवातीच्या पोलादी निबा वापरायला अगदी वाईट होत्या. पोलादाची पट्टी नळीसारखी वळवायची आणि दोन कडा जिथे भेटतात तीच चीर समजायची, अशी एक तऱ्हा होती. ती ताठ असायची, कागदावर ओरखडे काढायची, दाब दिला तर फाकायची नाही, आणि फाकली तर परत मिटायची नाही. त्यात त्या काळची शाई मायफळ आणि हिराकस यांची, आम्लाने भरलेली. पिसाला तिचं काही वाटत नसे, पोलाद मात्र ती खाऊन टाकी. पेरीने 1830 साली जे पेटंट घेतलं ते या ताठपणावर होतं. मधल्या चिरेच्या वरच्या टोकाला एक भोक आणि शिवाय बाजूंना आणखी चिरा ठेवल्या की पोलाद पिसासारखं लवतं. आजही फाउंटन पेनच्या निबेच्या मध्यावर जे भोक दिसतं त्याच्या वंशावळीत पेरीचा हात आहे. शाईवरचा उतारा हेन्री स्टीफन्स नावाच्या लंडनच्या डॉक्टरने काढला. 1832 पासून त्याची निळसर काळी पातळ शाई बाजारात आली, ती निबेला पुष्कळच सोसवायची.

पेरीपाशी कल्पना होती, ती हजारोंनी करून देणारा हात नव्हता. तो मेसनकडे होता.

मेसन किडरमिन्स्टरचा. त्या गावी गालिचे विणतात, आणि त्याचा बापही विणकर. शाळा नावापुरती. लहानपणी घरोघर केक-पाव विकले, जोडे शिवले, मागावर बसला. लिहायला तो आपलं आपण शिकला. बर्मिंगहॅमला आल्यावर बरीच वर्षं एका नातेवाइकाच्या धंद्यात राबला आणि शेवटी हातात काहीच नाही अशा अवस्थेत रस्त्यावर आला. अशा वेळी हीली नावाच्या एका परिचिताने त्याला एका म्हाताऱ्या कारखानदाराकडे नेलं. म्हातारा किल्ल्यांच्या जुडग्याला लागतात तशी पोलादी दुहेरी कडी करायचा. त्याने तक्रार केली की इथे पुष्कळ तरुण येऊन गेले, पण सगळ्यांना हात मळायची लाज. मेसनने स्वतःचे दोन्ही तळवे उघडून त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांनाच विचारलं, की बाबांनो, पोटासाठी मळायची लाज वाटते का रे तुम्हाला? नोकरी मिळाली. पुढे पाचशे पौंडांना त्याने तो कारखानाच विकत घेतला.

त्या म्हाताऱ्याचं नाव सॅम्युएल हॅरिसन. प्रीस्टलीसाठी लेखणी घडवणारा तोच. म्हणजे पीअर्टच्या दुकानासमोर थबकलेल्या मेसनला पोलादी लेखणी ही काय चीज आहे हे ऐकून-बघून माहीत होतं. काचेआडच्या पुठ्ठ्याने त्याला एवढंच सांगितलं की आता याला गिऱ्हाईक आहे.

मेसन एकटाच या धंद्यात पडला होता असंही नाही. जॉन मिचेल 1822 पासून यंत्राने निबा काढत होता, असं मानलं जातं. मिचेलच्या बहिणीचं, मारियाचं, लग्न ज्याच्याशी ठरलं तो जोसेफ गिलॉट हा शेफील्डचा, चाकू-कात्र्यांच्या मुलखातला. मंदीच्या दिवसांत तो कामाच्या शोधात बर्मिंगहॅमला आला, बकलं आणि पोलादाच्या बारीकसारीक वस्तू करू लागला आणि एका माळ्यावर बसून निबांकडे वळला. स्वतः तो असं सांगायचा की लग्नाच्या दिवशी सकाळी त्याने एक ग्रोस निबा स्वतःच्या हातांनी केल्या, एकेक शिलिंगाला विकल्या, आणि मगच चर्चमध्ये गेला. एक ग्रोस म्हणजे 144. त्यांचे झाले सात पौंड चार शिलिंग, साध्या मजुराला काही महिने राबल्याशिवाय दिसायचे नाहीत एवढे पैसे. नवरदेवाच्या बढाईतून आपण थोडं वजा करू. पण एका निबेला शिलिंग पडत होता हा भाग लक्षात ठेवू, पुढे तो लागणार आहे.

हे सगळे बर्मिंगहॅमलाच का जमले? पोलाद तर शेफील्डचं. निबेला लागणारी चोख ओतीव पोलादाची चादर नेहमी तिथूनच यायची. बर्मिंगहॅमपाशी होती ती शंभर वर्षांची बटणांची आणि बकलांची सवय. पत्र्यावर ठोका मारून एकसारखे तुकडे पाडायचे, त्यांना भोक पाडायचं, त्यांना वळवायचं, यात ते गाव मुरलेलं होतं. त्यासाठी लागणारा स्क्रूचा हातप्रेस गल्लोगल्ली होता. आपल्याकडच्या वर्कशॉपात त्याला फ्लाय प्रेस म्हणतात : वर आडवा दांडा, दांड्याच्या टोकाला वजन, हिसका दिला की स्क्रू फिरतो आणि पंच खाली डायमध्ये बसतो. मिचेल, गिलॉट आणि मेसन यांनी केलं ते एवढंच, की बटणाच्या प्रेसवर निब आणली. आणि प्रेस आला म्हणजे प्रेसवरच्या बायकाही आल्या, कारण बटणाच्या धंद्यात त्या आधीपासून होत्या.

आता एका निबेबरोबर कारखान्यात फिरून येऊ.

शेफील्डची चादर आली की तिच्या पट्ट्या कापायच्या. त्या लोखंडी पेटीत बंद करून भट्टीत तापवायच्या आणि सावकाश निववायच्या, म्हणजे पोलाद मऊ होतं. वर आलेला काळा खवला पातळ केलेल्या गंधकाच्या तेजाबात उतरवायचा. मग जड रुळांतून पट्टी काढत काढत कागदासारखी करायची. हे अंगमेहनतीचं आणि भट्टीचं काम पुरुषांचं. इथून पुढे पट्टी बायकांच्या दालनात जाते.

लांबच लांब दालन, एका बाजूला मोठाल्या खिडक्या, खिडक्यांच्या कडेने बाकं, आणि बाकांवर ओळीने प्रेस. पहिली बाई डाव्या हाताने पट्टी सरकवते, उजव्या हाताने दांडा ओढते. ठक्, की खाली एक चपटा तुकडा. पट्टीच्या एका कडेने ओळ काढून झाली की पट्टी उलटी फिरवायची आणि दुसरी ओळ अशी काढायची की तिची टोकं पहिल्या ओळीच्या मधल्या जागांत बसावीत. वाया जाणारं पोलाद त्यामुळे कमी. सराईत बाई दिवसाला 200 ग्रोस, म्हणजे 28,000 च्या घरात तुकडे पाडायची. दहा तासांचा दिवस धरला तर एका तुकड्याला सव्वा सेकंदाच्या आसपास वेळ येतो, आणि तोही सबंध दिवस, एका उजव्या हातावर.

दुसऱ्या प्रेसवर मधलं भोक आणि बाजूच्या चिरा पडतात. प्रत्येक चपटा तुकडा हाताने उचलून नेमका खाचेत बसवायचा, कारण भोक केसभर सरकलं तरी निब गेली. मग पुन्हा भट्टी, पुन्हा मऊ. मग पायाने चालणाऱ्या ठोक्याखाली नाव उमटतं. मग आणखी एका प्रेसवर तो चपटा तुकडा पन्हळीसारखा गोलावतो, आणि तेव्हा कुठे ती वस्तू निबेसारखी दिसू लागते. पण अजून ती नरमच आहे, बोटाने वाकेल. आता तिला पाणी द्यायचं. पेटीत भरून लालबुंद करायची आणि तेलात ओतायची. तेलातून निघालेली निब काचेसारखी ठिसूळ असते. तिचा ठिसूळपणा घालवायला तिला फिरत्या पिंपात विस्तवावर पुन्हा जपून तापवतात. पोलादाला निळसर झाक आली की थांबायचं. कधी थांबायचं हे ठरवणारा माणूस घड्याळाकडे बघत नसे, तो रंगाकडे बघत असे.

मग घासणं. वाळू किंवा कुटलेलं खापर आणि लाकडाचा भुसा यांच्याबरोबर निबा पिंपात तासन्‌तास फिरतात. त्यानंतर पुन्हा बायका, आता कुरुंदाची धूळ लावलेल्या फिरत्या चाकांपाशी. चिमट्यात धरलेली निब क्षणभर चाकाला टेकवायची, एकदा उभी, एकदा आडवी, टोकाच्या किंचित मागे, म्हणजे तिथे पोलाद पातळ होतं, लवतं आणि शाई धरतं. एकेका निबेला हा स्पर्श दोनदा.

आणि सर्वांत शेवटी चीर. मधली मुख्य चीर, जिच्यावाचून निब म्हणजे नुसता पोलादाचा चमचा. ती शेवटी, कारण पाणी द्यायच्या आधी पाडली तर तापताना ती वेडीवाकडी होते. डायच्या दोन धारा कात्रीसारख्या एकमेकींना घासून जातात आणि कणभरही पोलाद न काढता निब दुभंगते. हे काम करणारी बाई कारखान्यातली सर्वांत कसबी मानली जायची. नंतर रंग : निबा पुन्हा विस्तवावर फिरवत सोनेरी, तपकिरी किंवा निळ्या करायच्या आणि वरून लाखेचं पातळ वार्निश द्यायचं. शेवटची बाई प्रत्येक निबेचं टोक अंगठ्याच्या नखावर दाबून बघते. पंतोजींची बोरूवरची परीक्षा ती हीच. खोटी निब बाजूला. खरी पेटीत, तीही मोजून नव्हे, ग्रोसच्या वजनाने.

1860 च्या दशकाच्या मध्यावर बर्मिंगहॅममधल्या बारा कारखान्यांचा जो हिशेब छापला गेला त्यात पुरुष 360 आहेत, बायका आणि मुली 2,050. आठवड्याला पोलाद साडेनऊ टन. आठवड्याला माल 98,000 ग्रोस, म्हणजे एक कोटी चाळीस लाखांवर निबा. बायकांची मजुरी अर्थातच पुरुषांपेक्षा पुष्कळ कमी. अनेक ठिकाणी कामावर बोलायला बंदी, माल वाया गेला तर दंड. निबेच्या स्वस्ताईचं श्रेय यंत्राला देण्याची पद्धत आहे. पण हे यंत्र म्हणजे वाफेवर आपोआप निबा ओतणारं काही नव्हतं. वाफ रूळ आणि चाकं फिरवायची, प्रेसचा दांडा ओढायची ती बाईच. एकेक निब पंधराएक वेळा कोणा ना कोणाच्या बोटांतून जात होती, आणि तरीही अख्खा ग्रोस काही पेन्सांना विकायला परवडत होता. गिलॉटच्या लग्नातल्या सात पौंड चार शिलिंगांतून उतरत उतरत किंमत तिथवर आली, आणि ती उतरण झाली ती त्याच्याच कारकिर्दीत.

घ्यायला गिऱ्हाईकही तयार होत होतं. 10 जानेवारी 1840 रोजी ब्रिटनमध्ये एका पेनीत कुठेही पत्र जाऊ लागलं, आणि आदल्या वर्षी साडेसात कोटींच्या आसपास असलेली पत्रसंख्या त्या वर्षात साडेसोळा कोटींच्या वर गेली. 1870 मध्ये प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला आणि गावोगावच्या बाकांवर दौती बसवल्या गेल्या. पिसं अगदी नाहीशी झाली नाहीत. वकिलांना आणि जुन्या खोडांना त्यांचाच सोस होता. पण ती आता हौसेच्या खात्यात गेली.

हिंदुस्थानात ही निब साहेबाच्या कचेरीतून आली. इथे तिचा सामना पिसाशी नव्हता, बोरूशी होता, आणि तो तितका सोपा नव्हता. इंग्रजी वळण टोकदार निबेवर बेतलेलं. खाली येणाऱ्या रेषेवर दाब दिला की निब फाकते आणि रेषा जाड होते, वर जाताना दाब सोडला की बारीक. बोरूला दाब लागत नाही. त्याचं टोक चपटं आणि तिरकं छाटलेलं असतं, आणि जाड-बारीकपणा येतो तो हाताच्या दिशेतून. मोडी असो की बाळबोध, मराठी अक्षराची सगळी ऐट त्या तिरक्या छेदात आहे. टोकदार निबेने काढलेलं बाळबोध अक्षर वाचता येतं, पण सपाट आणि उपाशी दिसतं. म्हणून कचेरीतला कारकून इंग्रजी मसुदा टाकाने, म्हणजे दांडीला खोचलेल्या निबेने, लिहू लागला तरी मराठी शाळांत कित्ता बोरूनेच गिरवला जाई, आणि तो थेट विसाव्या शतकातही. पुढे टोक छाटलेल्या, चपट्या पोलादी निबा आल्या. त्या 'कट निबा' म्हणजे पोलादाने बोरूपुढे पत्करलेली माघारच म्हणायची. एडिनबर्गच्या मॅकनिव्हन अँड कॅमेरॉन कंपनीने तर आपल्या एका निबेचं नावच 'हिंदू पेन' ठेवलं होतं. गिऱ्हाईक ओळखण्यात हे लोक कधी कमी पडले नाहीत.

सरकारी दप्तर मात्र टाकाच्या ताब्यात गेलं. दौत, टाक आणि टीपकागद यांच्यावाचून कुठली कचेरी उघडत नव्हती, आणि त्यांचं सामर्थ्य सरकारला पक्कं ठाऊक होतं. मंडालेच्या तुरुंगात 1910-11 च्या हिवाळ्यात लोकमान्य टिळकांनी 'गीतारहस्य' लिहिलं ते पेन्सिलीने. शाई आणि टाक द्यायला परवानगी नव्हती, आणि सुटे कागदही नाहीत, पानांवर आकडे घातलेल्या बांधीव वह्या. ज्या राज्याच्या कचेऱ्या आठवड्याला पेट्यांनी निबा झिजवत होत्या, त्याला एका कैद्याच्या हातात एक निब नको होती. दौतीतल्या शाईचा धंदा मात्र आपल्या माणसांनी उचलला. 1931 मध्ये मुंबईत दांडेकर बंधूंनी 'हॉर्स ब्रँड' शाईची पूड आणि वड्या करायला सुरुवात केली. पाण्यात विरघळवा, दौत भरा. पुढची कॅम्लिन ती हीच.

बर्मिंगहॅमच्या मालकांनी मिळालेल्या पैशाचं काय केलं, यात दोघांचे दोन स्वभाव दिसतात. गिलॉटने आपलं नाव निबेवर ठोकलं, ग्रॅहम स्ट्रीटवर व्हिक्टोरिया वर्क्स नावाचा भव्य कारखाना बांधला, आणि चित्रं विकत घेतली. चित्रकार टर्नरला तो गाठायला गेला तेव्हा म्हणे त्याने चित्रांच्या बदल्यात चित्रं देऊ केली, आणि टर्नर कपाळाला आठ्या घालतोय तोच खिशातून नोटांची गड्डी काढून 'ही माझी चित्रं' म्हणून समोर धरली. किस्सा तिखटमीठ लावलेला असेल. चित्रं खरी होती. 1872 मध्ये गिलॉट वारला आणि त्याच्या संग्रहाचा लंडनमध्ये लिलाव झाला, त्याचे दीड लाख पौंडांहून जास्त आले.

मेसनने मात्र वर्षानुवर्षं पेरीच्या नावानेच माल काढला. निबा वापरणाऱ्या जगाला मेसन कोण हे ठाऊकच नव्हतं. त्याला मूलबाळ नव्हतं. अर्डिंग्टनला त्याने तीनशे मुलांसाठी अनाथालय बांधलं, त्याच्या नुसत्या इमारतीला 60,000 पौंड लागले, आणि ते चालवायला दोन लाखांची मालमत्ता लावून दिली. मग विज्ञानाचं कॉलेज काढलं. 1 ऑक्टोबर 1880 रोजी टी. एच. हक्सलेच्या भाषणाने ते उघडलं, आणि पहिल्या दिवसापासून तिथे मुलींना मुलग्यांइतकाच प्रवेश होता. पण कॉलेजच्या मूळ दस्तात मेसनने एक अट घातली होती : इथे धर्मशास्त्र नको, आणि निव्वळ साहित्यिक शिक्षणही नको. जन्मभर लेखण्या विकून कोट्यधीश झालेल्या माणसाने आपल्या कॉलेजात साहित्याला दार बंद करावं, याची मला गंमत वाटत आली आहे. पण त्याच्या बाजूने बघितलं तर चुकीचं काही नाही. त्याला लेखणीने लिहिलेलं काय असतं याच्याशी कर्तव्य नव्हतं, पोलाद किती तापवलं की निळं होतं याच्याशी होतं, आणि हे शिकवणारी शाळा त्याला त्याच्या लहानपणी मिळाली नव्हती. वर्षभरात विश्वस्तांनी ती अट सैल करून घेतली, मेसन 1881 मध्ये गेला, आणि 1900 मध्ये त्याच कॉलेजातून बर्मिंगहॅम विद्यापीठ उभं राहिलं.

तोवर निबेचे दिवस भरत आले होते, पण फाउंटन पेनने तिला लगेच मारलं नाही. ते महाग होतं. शाळा, टपालकचेऱ्या आणि बँका पुढची पन्नास वर्षं टाकावरच चालल्या. घाव घातला तो बॉलपेनने, आणि तोही दुसऱ्या महायुद्धानंतर, जेव्हा तो ग्रोसच्या भावाने मिळू लागला तेव्हा. स्वस्ताईने आलेली वस्तू स्वस्ताईनेच गेली. कारखाने एकात एक विलीन झाले, इमारतींची कार्यालयं झाली. एका जुन्या निब-कारखान्यात आता लेखण्यांचं संग्रहालय आहे आणि तिथले हातप्रेस अजून चालू स्थितीत आहेत.

गिलॉटच्या 303 आणि 404 नंबरच्या निबा अजून मिळतात, सुलेखन करणारे घेतात. पण टोकदार निबेचा खरा राबता आज जपानात आहे, माँगा चित्रकथा काढणाऱ्यांकडे. दाब दिला की जाड, सोडला की बारीक, ही रेषा त्यांना पानोपानी लागते आणि त्यासाठी ते 'जी' निब वापरतात. त्यांची शाईही निबांना खाते, म्हणून झेब्रा कंपनीने टायटॅनियमचा मुलामा दिलेली 'जी' निब काढली आहे. ती गंजत नाही.